तेरा जणांचं करायचं काय? ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ अंक १ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

“सिनेमे बघून झाले, आता कॉमिक्स वाचायची आहेत. सुरुवात कुठून करू?” हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. विचारणाऱ्याने बहुतेक वेळा स्वतः एकदा प्रयत्न करून बघितलेला असतो. ॲप उघडलं, साठ वर्षांचे अंक समोर आले, एकाच नावाच्या मालिका चार-चार वेळा दिसल्या, ‘अंक १’ तर ढिगाने दिसले, आणि ॲप बंद केलं. गेल्या सुट्टीत माझ्या अकरावीतल्या भाचीचंही हेच झालं. तिला मी जो अंक दिला तोच तुम्हालाही देतो: ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ अंक १, मुखपृष्ठावरची तारीख मे १९७५. बंद पडलेल्या एका टीमला पुन्हा उभं करणारा हा अंक आहे. मागचं काहीही न वाचता सरळ आत शिरता येतं, असा पुनरारंभाचा दुसरा अंक मला तरी माहीत नाही.

मात्र तो वाचायची एक रीत आहे. घाईघाईने वाचलात तर राक्षसी बेटाशी झालेली मारामारी तेवढी लक्षात राहील, आणि खरा माल हातून निसटेल.

आधी एवढंच माहीत असू द्या

एक्स-मेनची मूळ मालिका स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये सुरू केली. जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेली पाच मुलं, म्हणजे म्यूटंट, आणि त्यांना शिकवणारे चाकाच्या खुर्चीतले प्रोफेसर झेवियर. मालिका फारशी खपली नाही. १९७० मध्ये ६६व्या अंकानंतर नव्या गोष्टी थांबल्या. पुढे अंक ६७ ते ९३ निघाले, पण त्यांत जुन्याच गोष्टी पुन्हा छापलेल्या होत्या. पाच वर्षं दुकानात एक्स-मेन मिळत होते, पण त्यांच्या आयुष्यात नवं काही घडत नव्हतं. मग लेखक लेन वीन आणि चित्रकार डेव्ह कॉकरम यांनी हा अंक केला.

बस्स. इतिहास एवढाच पुरे.

पायरी पहिली: नेमका अंक मिळवा

नवखा वाचक इथेच चुकतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

‘एक्स-मेन अंक १’ असा शोध घेतलात तर १९६३ चा मिळेल, १९९१ चा मिळेल, त्यानंतरचेही अनेक मिळतील. ‘जायंट-साइझ एक्स-मेन’ या नावानेही २०२० मध्ये नवे अंक निघाले आहेत. त्यांच्या नावापुढे एखाद्या पात्राचं नाव जोडलेलं असतं. म्हणून अंकाचा आकडा बघू नका, साल बघा. १९७५ आणि लेन वीन, डेव्ह कॉकरम ही दोन नावं जुळली की तोच अंक.

मूळ छापील प्रतीच्या मागे लागू नका. ती संग्राहकांची वस्तू झाली आहे आणि तिची किंमत वाचकाला परवडणारी नाही. वाचण्यासाठी तीन सोपे मार्ग आहेत. पहिला, मार्व्हल अनलिमिटेड हे वर्गणीचं ॲप. दुसरा, ‘एपिक कलेक्शन’ मालिकेतलं ‘सेकंड जेनेसिस’ नावाचं जाड पेपरबॅक. त्यात या अंकाबरोबर पुढचे ९४ ते ११० हे अंकही येतात, त्यामुळे एकदा पैसे घातले की बरेच दिवसांची बेगमी होते. तिसरा, ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’चा अनकॅनी एक्स-मेन खंड पहिला. त्यात हा अंक आणि ९४ ते १०० आहेत.

एका पुनर्मुद्रणापासून मात्र पहिल्या वाचनापुरतं लांब राहा. १९८६ मध्ये ‘क्लासिक एक्स-मेन’ या नावाने या गोष्टी पुन्हा छापायला सुरुवात झाली, तेव्हा मूळ गोष्टीत नवी पानं घातली गेली. ती पानं वाईट नाहीत. पण १९७५ च्या वाचकासमोर जे होतं ते तसंच आधी बघावं, आणि भर घातलेलं नंतर.

जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर पुनर्मुद्रण मिळालंच, तर पैसे देण्याआधी मधल्या पिना बघा. कॉमिकची पानं पिनेत अडकवलेली असतात. पिना सैल झाल्या की मधली जोडपानं आधी गळतात, आणि गोष्टीचा नेमका मधला भाग जातो. मी एकदा असा अंक घेऊन घरी आलो होतो. गोष्ट बेटावर पोचली आणि पुढचं पान थेट शेवटाचं निघालं. त्यानंतर पानं मोजल्याशिवाय मी एकही अंक विकत घेतलेला नाही.

मूळ अंकाची किंमत ५० सेंट आणि पानं ६८. त्या काळी साधा अंक २५ सेंटला मिळायचा, म्हणजे हा दुप्पट किमतीचा. नवी गोष्ट ३६ पानांची आहे आणि मागे जुन्या छोट्या गोष्टी पुन्हा छापलेल्या आहेत. तुमच्या आवृत्तीत त्या नसतील तर काही बिघडत नाही. मुखपृष्ठावरच्या महिन्याबद्दलही नव्या वाचकांचा गोंधळ होतो. अमेरिकेत तेव्हा अंक वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर विकले जात, आणि छापलेला महिना हा अंक स्टॉलवरून कधी काढायचा ते विक्रेत्याला सांगण्यासाठी असे. त्यामुळे ‘मे’ लिहिलेला अंक त्याआधीच वाचकांच्या हातात पडलेला असायचा.

पायरी दुसरी: मागे जाऊ नका

आपल्याकडे कोणतीही गोष्ट मुळापासून वाचायची सवय आहे, आणि ती चांगलीच आहे. पण इथे ती आड येते. १९६३ पासून सुरुवात करणारे बहुतेक जण विसाव्या अंकाच्या आसपास दमतात, आणि ज्या अंकासाठी एवढी तयारी चालली होती तिथपर्यंत पोचतच नाहीत.

शिवाय हा अंक काढणाऱ्यांनी वाचकाला काहीच माहीत नाही असं धरूनच तो रचला आहे. पाच वर्षं नवी गोष्ट नव्हती. १९७५ मध्ये दहा-बारा वर्षांचं जे पोर हा अंक उचलत होतं, त्याने जुने एक्स-मेन बघितलेले असतीलच असं नाही. म्हणून जुन्या टीमला गोष्टीच्या सुरुवातीलाच हरवून टाकलं आहे. ती एका बेटावर गेली आणि परत आलीच नाही. आता तुम्हाला जेवढं ठाऊक, तेवढंच नव्या टीमलाही ठाऊक. तुम्ही आणि ते बरोबरीने निघता.

पायरी तिसरी: मुखपृष्ठाला पाच मिनिटं द्या

चित्र गिल केन आणि डेव्ह कॉकरम यांचं. जुन्या एक्स-मेनचं चित्र फाडून नवे लोक थेट तुमच्या अंगावर येतात. गोष्ट काय आहे ते एका चित्रात कळतं.

आता वुल्व्हरिनचा मुखवटा बघा, ते दोन्ही बाजूंनी वर गेलेले काळे कान. वुल्व्हरिन आधी १९७४ मध्ये ‘इन्क्रेडिबल हल्क’च्या १८० आणि १८१ या अंकांत आला होता, तेव्हा त्याचा मुखवटा साधा होता आणि त्यावर मांजरासारख्या मिशा होत्या. या मुखपृष्ठावर केनच्या हातून मुखवटा चुकून वेगळा काढला गेला. कॉकरमला तो इतका आवडला की त्याने आतली चित्रंही त्याप्रमाणे बदलली. आज टी-शर्टवर आणि दप्तरावर दिसतो तो चेहरा इथला आहे.

पायरी चौथी: सात हाका, एकेक करून

अंकाचा गाभा हाच, आणि इथे मी तुम्हाला जबरदस्तीने थांबवणार आहे.

गोष्टीच्या पहिल्या भागात प्रोफेसर झेवियर जगभर फिरून सात जणांना भेटतात आणि ‘माझ्याबरोबर चला’ म्हणतात. प्रत्येक भेट अगदी छोटी. एक भेट वाचली की अंक मिटा. कागदावर तीन गोष्टी लिहा: हा माणूस हाक आली तेव्हा काय करत होता, त्याने प्रोफेसरांना काय विचारलं, आणि तो कशासाठी तयार झाला. नाव, देश, शक्ती वगैरे लिहूच नका, ते आपोआप लक्षात राहतं. लक्षात राहत नाही ते ‘कशासाठी’, आणि पुढची कित्येक वर्षं लेखकांनी त्या ‘कशासाठी’वरच गोष्टी रचल्या.

पहिली भेट माझ्याबरोबर वाचा. जर्मनीतलं विंझेलडॉर्फ गाव, रात्र. हातात मशाली घेतलेला जमाव एका निळ्या-काळ्या पोराच्या मागे लागला आहे. त्याला शेपूट आहे, पिवळे डोळे आहेत, हाताला तीनच बोटं. दिसायला तो सैतान, म्हणून गाव त्याला मारायला निघालंय. तो छपरांवरून पळतो, पण शेवटी त्याला पकडतात. छातीत खुंटी ठोकायची तयारी झालेली असते, आणि एका क्षणी सगळा जमाव जागच्या जागी थिजतो. समोर खुर्चीत प्रोफेसर. तो पोरगा, कर्ट वॅग्नर, म्हणजे नाइटक्रॉलर, त्यांना विचारतो की तुम्ही मला सर्वसाधारण माणूस करू शकता का. प्रोफेसर उत्तराऐवजी उलट प्रश्न करतात: आज रात्री हे सगळं बघितल्यावर तुला खरंच त्यांच्यासारखं व्हायचंय? त्यावर कर्ट म्हणतो, मला फक्त पुरतं कर्ट वॅग्नर व्हायचं आहे. ते जमवून द्या, मी येतो.

माझ्या भाचीने इथे अंक मिटला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने कागदावर लिहिलं: ‘याला बरं व्हायचं नाही, पूर्ण व्हायचंय.’ बारा शब्दांच्या आत तिने नाइटक्रॉलर धरला. हे पात्र कॉकरमने आधी दुसऱ्या कंपनीच्या मालिकेसाठी योजलं होतं. तिथे ते लागलं नाही, आणि वहीत राहिलेलं चित्र इथे आलं.

दुसरी भेट कॅनडाच्या लष्करी तळावर, वुल्व्हरिनची. इथे अगदी उलटा सूर आहे. हा माणूस कुणाच्या दयेवर नाही, सरकारी नोकरीत आहे. प्रोफेसर विचारतात, हा क्षणात हो म्हणतो, आणि अधिकारी अडवतो तेव्हा आपल्या नख्यांनी त्याचा टाय कापून टाकतो. नुसता टाय, माणसाला ओरखडा नाही. या एका चौकटीत त्याचा राग किती आणि ताबा किती, दोन्ही कळतं. ती चौकट घाईत सुटते, म्हणून मुद्दाम शोधा.

आयरिश बॅन्शी अमेरिकेत नॅशव्हिलला गाणं ऐकायला आलेला असतो. त्याला फार समजवावं लागत नाही. तो आधी १९६७ मध्ये याच मालिकेत येऊन गेलेला जुना माणूस आहे, तुम्हालाही इथे जास्त वेळ लागणार नाही.

केनियातली स्टॉर्म मात्र सावकाश वाचा. ओरोरो ही पाऊस पाडणारी देवी म्हणून पुजली जाते, दुष्काळात लोक तिच्याकडे येतात. प्रोफेसर तिला सांगतात की तू देवी नाहीस, म्यूटंट आहेस. बाहेरच्या जगात तुला पूजणारं कुणी नसेल, घाबरणारे आणि द्वेष करणारे असतील, पण त्यांना तुझी गरज आहे. बाकीच्यांना हाकेतून काहीतरी मिळणार असतं. ही एकटीच हातातलं सोडून येते. कागदावर तसं लिहून ठेवा, पुढे फार उपयोगी पडेल.

जपानमधल्या सनफायरला यायचंच नसतं. हा त्याचा स्वभाव. आधी नाही म्हणेल, मग येईल, मग पुन्हा भांडेल. टीमच्या गोष्टीत एक तरी माणूस दारात एक पाय बाहेर ठेवून उभा असावा लागतो, तो हा.

सायबेरियात बैकाल सरोवराजवळच्या सामूहिक शेतीवर प्योत्र रास्पुतिन, म्हणजे कोलोसस, काम करत असतो. एक ट्रॅक्टर ताबा सुटून त्याच्या धाकट्या बहिणीच्या अंगावर जातो. प्योत्र पोलादाचा होतो आणि मध्ये उभा राहतो. ट्रॅक्टरच फुटतो. प्रोफेसर येतात तेव्हा तो विचारतो की माझी ताकद सरकारची नाही का. प्रोफेसर म्हणतात, ती साऱ्या जगाची आहे. मग तो आई-वडिलांचा निरोप घेतो. साल १९७५ आहे, अमेरिका आणि रशिया यांच्यातलं शीतयुद्ध चालू आहे, आणि एक अमेरिकन कॉमिक रशियन शेतकऱ्याच्या पोराला नायक करतंय, तेही त्याला पळून न आणता, आईबापांच्या संमतीने. या पानाला त्या काळात केवढं मोल असेल याचा विचार करा.

शेवटची भेट ॲरिझोनात. अपाची जमातीचा जॉन प्राउडस्टार, म्हणजे थंडरबर्ड, रानगव्याशी झुंजत असतो. त्याला गोऱ्या माणसासाठी काहीही करायचं नाही. आणि प्रोफेसर त्याला समजावत नाहीत, डिवचतात. त्याच्या जमातीला नावं ठेवतात, म्हणजे तो चिडून तयार होईल. होतोही.

सात कागद झाले की समोर मांडा. एक पूर्ण व्हायला आला, एक कंटाळून, एक सहज, एक हातातलं सोडून, एक नाही-हो करत, एक निरोप घेऊन, एक चिडून. आता मला सांगा, यांची भांडणं कुणाशी होणार आणि मैत्री कुणाशी? तुम्हाला जे वाटेल ते कागदाच्या मागे लिहा. पुढचे अंक वाचताना तो कागद बाहेर काढायचा आहे.

पायरी पाचवी: बेटावर एका दमात

आता थांबायचं नाही. जुन्या टीममधला एकटा सायक्लॉप्स परत आला आहे. तो या सात जणांना घेऊन क्राकोआ बेटावर जातो. जोड्या पडतात, चार दिशांनी ते आत घुसतात, आणि जुने लोक सापडतात. वेलींनी जखडलेले, त्यांची शक्ती कुणीतरी शोषून घेत असलेलं. शत्रू बेटावर नाही, बेटच शत्रू आहे. अणुचाचण्यांमुळे तिथलं सगळं जीवन मिळून एकच भुकेला जीव झालेला आहे, आणि आणखी म्यूटंट घेऊन यावेत म्हणूनच त्याने सायक्लॉप्सला जाऊ दिलं होतं.

इंद्रजालच्या मराठी अंकांत वेताळ वाचलेल्यांना ही धाटणी ओळखीची वाटेल: निर्जन बेट, जुनं देऊळ, अंधारात काहीतरी. फरक असा की वेताळ एकटा पुरे पडतो. इथे एकट्याने काहीच होत नाही. शेवटचा वार कसा होतो ते नीट बघा. स्टॉर्मची वीज एकीकडे, जुन्या टीममधल्या पोलॅरिसची चुंबकशक्ती दुसरीकडे, जुनी आणि नवी माणसं एका साखळीत. ज्यांची आत्ता तास-दोन तासांपूर्वी ओळख झाली ती एकमेकांच्या शक्तीला हात लावतात, आणि अख्खं बेट पृथ्वीवरून उचलून अंतराळात फेकलं जातं.

आणि मग विमानात कुणीतरी विचारतं: आता तेरा एक्स-मेनचं करायचं काय?

सात नवे, सहा जुने. हिशेब स्वतः करून बघा, कारण जुन्या पाचांतला बीस्ट इथे नाही आणि हॅवॉक, पोलॅरिस हे मागाहून आलेले आहेत. अंक या प्रश्नावर संपतो. संकट टळलंय, पण घरात माणसं जास्त झालीत.

जे खटकेल ते खटकू द्या

हा अंक मला फार प्रिय आहे, आणि तरीही त्यातल्या काही जागा बोचतात. आफ्रिकेतली बाई म्हटली की देवी, मूळ अमेरिकन म्हटला की रागीट आणि गव्याशी झुंजणारा, जपानी म्हटला की ताठर. एकेका देशाचं एकेक चित्र ठरलेलं. वेगवेगळ्या देशांतले नायक घ्यायचे ही कल्पना परदेशातल्या विक्रीच्या विचारातूनही आली होती, आणि ते काही ठिकाणी जाणवतं. थंडरबर्डला डिवचणारे प्रोफेसर तर मला आजही आवडत नाहीत.

पण ही पानं गाळू नका. नंतरच्या लेखकांनी याच जागी बोट ठेवलं. प्रोफेसर खरंच एवढे सरळ आहेत का, त्यांनी त्या वेळी काय लपवलं, यावर २००५-०६ मध्ये ‘डेडली जेनेसिस’ ही मालिका झाली. २०१९ मध्ये लेखक जोनाथन हिकमनने क्राकोआलाच म्यूटंटांचा देश केला. आज तुम्हाला जिथे अस्वस्थ वाटतं, तिथे पुढे कुणीतरी खणलेलं आहे.

संवादांबद्दलही एक सूचना. अंक इंग्रजीत आहे, आणि माणसांचं बोलणं त्यांच्या हेलासकट लिहिलेलं आहे. बॅन्शीचे आयरिश उच्चार डोळ्यांनी वाचले तर अडखळायला होतं. मोठ्याने वाचा, लगेच लागतात. मालवणी नाटकाची संहिता पहिल्यांदा वाचणाऱ्याला जो अनुभव येतो, तसाच.

पायरी सहावी: दुसऱ्या दिवशी, फक्त चित्रं

झोपून उठल्यावर अंक पुन्हा घ्या आणि एकही शब्द वाचू नका. कॉकरमचं सगळ्यात मोठं बळ पोशाखात आहे. रंगीत छपाई तेव्हा स्वस्त कागदावर, ठिपक्यांची. बारकावे टिकत नसत. म्हणून माणूस लांबून, छोट्या चौकटीत, पाठमोरा असला तरी ओळखू यायला हवा. स्टॉर्मचे पांढरे केस आणि पसरलेला झगा, कोलोससचे पट्ट्यापट्ट्यांचे पोलादी दंड, नाइटक्रॉलरची शेपूट. सात जणांच्या नुसत्या सावल्या काढल्या तरी गल्लत होणार नाही. ग्लिनिस वीनच्या रंगांकडेही लक्ष द्या. मशालींच्या उजेडातलं विंझेलडॉर्फ आणि उघड्या आभाळाचा केनिया यांतला फरक आधी रंगाने सांगितला जातो, मग शब्दांनी.

टीम कॉमिक आवडेल की नाही, हे बहुतेक वेळा या दुसऱ्या वाचनात ठरतं.

हीच रीत दुसऱ्या कुठल्याही ‘अंक १’ला

आकडा एक असला म्हणजे अंक नवख्यांसाठी आहे असं नसतं. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ अंक १च्या ऐंशी लाखांहून जास्त प्रती छापून गेल्या, एकाच अंकाला वेगवेगळी मुखपृष्ठं लावली होती, आणि अनेकांनी ती सगळी घेतली. अंक देखणा आहे, पण तो वाचताना सोळा वर्षांचा इतिहास पाठीशी लागतो. तुमच्या हातातला पुनरारंभ नवख्यासाठी आहे की जुन्यांसाठी, हे ओळखायला मी पहिली दहा पानं वाचतो आणि एकच बघतो: माणसं मला भेटवली जात आहेत, की मी त्यांना ओळखतो असं धरून चाललंय? दुसरं असेल तर अंक खाली ठेवा. तुमची समज कमी पडलेली नाही, ते आमंत्रणच तुमच्या नावाचं नाही.

पुढे काय वाचायचं

पुढचा अंक ‘जायंट-साइझ’ क्रमांक २ नाही. त्या नावाने जो अंक निघाला त्यात जुन्या गोष्टी आहेत. त्या मोठ्या अंकासाठी ठरवलेली गोष्ट दोन भागांत तोडून जुन्या मालिकेच्या ९४ आणि ९५ या अंकांत छापली गेली. म्हणून ऑगस्ट १९७५ चा ‘एक्स-मेन’ ९४ घ्या. लेन वीनवर संपादनाचा भार होता, त्यामुळे संवाद क्रिस क्लेअरमाँट नावाच्या तरुणाकडे आले. तो ९६ पासून मालिका लिहू लागला आणि १९९१ पर्यंत लिहीत राहिला. १०८ पासून चित्रकार जॉन बर्न येतो. अंक १२९ ते १३८ आणि १४१-१४२ इथवर पोचलात की सिनेमांनी कुठून काय उचललं ते तुमचं तुम्हालाच दिसेल. घाई करू नका, आठवड्याला दोन अंक पुरेत.

विमानातल्या प्रश्नाचं उत्तर ९४च्या सुरुवातीलाच मिळतं. तेरांपैकी सहा निघून जातात, उरतात सात. कोण गेलं ते तुम्ही वाचा. मात्र ९४ संपला की लगेच ९५ उघडू नका. आधी ते सात कागद काढा, जे उरले त्यांचे वेगळे करा, आणि त्यांची जायंट-साइझमधली भेटीची पानं पुन्हा एकदा बघा, प्रत्येकाची. मग ९५ घ्या.